कडेचा हात

आज कपाट आवरताना पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे सापडले. नांदेडला रविवारी आम्ही फोटोग्राफर जमायचो, तेव्हा फोटोतला नको तो भाग मी या तुकड्यांनी झाकून दाखवायचो.

एकदा कंधारच्या सलीमभाईंनी काळापांढरा फोटो आणला. उंबऱ्यावर शेळी, कडेला परात धरलेला एक हात. मी सगळ्यांसमोर ऐटीत म्हणालो, "हा हात कापा. नजर तिकडंच जाते."

"हाव, बरोबर हाय," म्हणत त्यांनी तिथंच कात्री चालवली.

पुढं कितीतरी वर्षांनी त्यांच्या स्टुडिओत गेलो. भिंतीवर काचेत ती कापलेली हाताची पट्टी होती.

"अम्मी कधी फोटो काढू द्यायची न्हाई," ते म्हणाले. "गेली. एवढीच राहिली."

फ्रेम छान आहे, म्हणालो.