सुट्टीत गेलेली माणसं

थोरला एक मुलगा आणि त्याच्या पाठीवर मुलीच मुली. पाचवी झाली तेव्हा बापाने वैतागून तिचं नाव मालजा ठेवलं. मालजा म्हणजे शेवटची. ती खरोखरच शेवटची ठरली, कारण त्यानंतर युद्ध लागलं. थोरला भाऊ नाकदोंग नदीच्या काठावर लढायला गेला आणि परत आला नाही. त्याच्याबरोबरचा एकजण महिन्याभराने दारात येऊन एवढंच सांगून गेला, "गोळ्या संपल्या होत्या. गोळ्यांचं जहाज अजून बुसान बंदरात यायचं होतं." मालजाची आई पुढची वीस वर्षं चुलीपुढे बसल्या बसल्या मध्येच म्हणायची, "गोळ्या संपल्या होत्या म्हणे." कोणाला उद्देशून नाही, आपली अशीच.

मालजाचं लग्न मेंग गिचुलशी झालं. तो सैन्यात तोफेवर गोळे भरायला होता, नंतर दगडाच्या खाणीत लागला. बोलणं थोडं आणि जेवण फार, असा माणूस. सैन्यातली एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगायचा. तोफ अमेरिकेची, गोळा अमेरिकेचा, आणि दिवसाला किती डागायचे तेही त्यांनीच ठरवायचं. "समोर शत्रू दिसतोय आणि आमचा साहेब टेलिफोनवर परवानगी मागतोय. लाज वाटायची."

मग एके वर्षी बातमी आली की अमेरिकेची एक अख्खी पलटण आपला देश सोडून चालली. सरकारने ठरवलं, आता आपलं आपण बघायचं. मासान शहराच्या पलीकडे, नासपतीच्या बागा होत्या त्या खोऱ्यात तारेचं कुंपण पडलं आणि आत तोफेच्या दारूचा कारखाना उभा राहिला. युरोपातल्या एका थंड देशातल्या कंपनीशी करार झाला होता. यंत्रं त्यांची, शिकवणं त्यांचं, हात आपले. खाणीत सुरुंग लावणारी माणसं हवीच होती. गिचुलला लगेच नोकरी लागली, विटांच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या, आणि दारात नळ! मालजाने पहिल्या दिवशी नुसतंच पाणी सोडून पाहिलं.

आत काय चालतं हे घरी सांगायचं नाही, अशी शपथ होती. तरी थोडंथोडं कळायचंच. तेलासारखा, गोडसर वासाचा एक द्रव कापसाच्या लगद्यात मुरवून त्याची कणीक तिंबायची, हे गिचुलचं काम. ते काम सुरू झालं तशी त्याची डोकेदुखी सुरू झाली. तीही रोजची नाही. सोमवारी यायची. सोमवारी संध्याकाळी तो भिंतीला धरत धरत घरी यायचा, डोकं फडक्याने आवळून खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर पालथा पडायचा. मंगळवारी कमी, बुधवारी गायब. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा तेच. मालजाने मोड आलेल्या सोयाबीनचं सार करून पाहिलं, मुळ्याच्या आंबवलेल्या किमचीचं गार पाणी पाजून पाहिलं. चाळीतल्या बायका हसायच्या, "आमच्याही घरी तेच. बाटलीला तोंड न लावता दर सोमवारी उतरलेली असते यांची."

उपाय सांगितला शेजारच्या पानसूने. पानसू जपान्यांचं राज्य होतं तेव्हापासून दारूगोळ्यात हात काळे केलेला, चाळीतला सगळ्यात जुना आणि सगळ्यात वात्रट माणूस. तो म्हणाला, "अरे, त्या कणकेला रविवारचं एकटं सोडतोस म्हणून ती रुसते. चिमूटभर कणीक टोपीच्या आतल्या पट्टीत घाल आणि रविवारभर टोपी डोक्यावर ठेव. सोमवारी काही होणार नाही."

आणि खरंच काही झालं नाही. गिचुल रविवारी टोपी घालून जेवायचा, टोपी घालून झोपायचा.

"अहो, ही काय सवत आणलीत घरात?" मालजा म्हणायची. "बाटलीतली दारू परवडली, पण टोपीतली नको!"

"सवत असली तरी डोकं चेपून देते," गिचुल म्हणायचा. "तू देतेस का?"

"तुमच्या डोक्यात चेपण्यासारखं काही असतं तर दिलं असतं."

त्यांची लहानगी मुलगी सोंगही मध्येच ती टोपी हिसकावायची, तेव्हा मात्र तो चिडायचा. एवढ्या शांत माणसाने पोरीच्या हातावर फटका मारलेला मालजाने तेवढाच पाहिला.

चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या आणि पितरांच्या सणाच्या आधी पहिला माल तयार झाला. डोंगरापलीकडच्या मैदानावर चाचणी होती. सकाळपासून धडाड धडाड आवाज यायला लागले, चाळीच्या खिडक्या थरथरल्या. गिचुलची रात्रपाळी झालेली, तो अंगणात उभा राहून ऐकत होता. शेवटचा आवाज विरला तरी हलेना. मालजा बाहेर आली तर याच्या डोळ्यांत पाणी.

"ही आपली," तो म्हणाला. "टेलिफोन न करता."

तिला भावाच्या संपलेल्या गोळ्या आठवल्या. त्या दिवशी तिने आमटीत मासळी घातली.

माल पास झाला म्हणून कंपनीने सगळ्यांना बक्षीस दिलं, चुसोकला जोडून चार दिवसांची सुट्टी. एवढी सुट्टी कोणी पाहिलीच नव्हती. गिचुलच्या गावी जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मालजाने सगळ्यांचे कपडे धुतले. टोपीची पट्टी घामाने काळी झालेली, तिला तो गोडसर वास. ही टोपी घालून हा सासूबाईंपुढे उभा राहणार? पितरांना नमस्कार करणार? तिने पट्टी उसवली, साबण लावून दगडावर घासली, उकळत्या पाण्यातून काढली आणि पुन्हा शिवून टाकली.

"टोपी कुठाय?" गिचुलने विचारलं.

"वाळतेय. नव्यासारखी केलीय."

त्याने कपाळाला हात लावला, मग हसला. "बरं. कामावर परत गेल्यावर भोगीन. चार दिवस तरी माणसात दिसेन."

पहिले दोन दिवस तो खरंच माणसात दिसला. आईबरोबर बसून सणाचे तांदळाचे सोंगप्योन वळले, तेही वेडेवाकडे. बापाच्या थडग्यावरचं गवत कापलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जेवता जेवता छातीवर हात ठेवून थांबला. घाम फुटला.

"पोटात अडकलंय," म्हणाला.

"हावरटासारखा खातोस लहानपणापासून," सासूबाई म्हणाल्या आणि सुई आणली. अंगठ्याला दोरा घट्ट गुंडाळून नखाखाली टोचलं. काळं रक्त आलं. "बघ, किती साचलं होतं. आता मोकळं वाटेल."

"वाटतंय," गिचुल म्हणाला आणि भिंतीला टेकला. मालजा पाणी घेऊन आली तेव्हा तो तसाच टेकलेला होता.

कंपनीचा एक साहेब पांढऱ्या फुलांचं चक्र घेऊन आला. फार अदबीने बोलला. माणूस सुट्टीत, स्वतःच्या गावी, जेवताना गेला. कंपनी काय करणार? तरीपण विधवेला पाहुणेबंगल्याच्या स्वयंपाकघरात काम आणि चाळीतली खोली राहू देऊ, असं म्हणाला. मालजाने मान खाली घालून हो म्हटलं.

पानसू भेटायला आला तेव्हा मात्र ती उसळली. चाळीतल्या सगळ्यांसमोर. "तुमच्या टोपीनं माझा माणूस खाल्ला! रात्रंदिवस विष डोक्यावर बाळगायला शिकवलंत. तुम्ही म्हातारे होऊन जगताय आणि तो गेला!"

पानसू डोक्यावरची टोपी चाचपत घरी गेला. थंडी पडली, चांद्र नववर्षाची सुट्टी आली. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी पानसूने आपली टोपी चाळीमागच्या शेकोटीत टाकली. ती भपकन पेटली आणि पोरं टाळ्या वाजवायला लागली. दोन दिवसांनी तो आंघोळीच्या घंगाळाशेजारी मरून पडलेला त्याच्या बायकोला सापडला. तिला सगळे देशिकची आई म्हणत. मालजा तिच्याकडे रडायला गेली, दोघी एका पांघरुणाखाली झोपल्या.

मालजा पाहुणेबंगल्यात परदेशी इंजिनिअरांना वाढायची. त्यातला होल्म नावाचा एक उंच, वाकलेला माणूस किमची आवडीने खायचा आणि 'अजून' हा एकच शब्द नीट म्हणायचा. एका सोमवारी तो जेवायला बसला होता, बरोबर दुभाषा आणि आपल्याकडचा एक अधिकारी. खिडकीतून कामगार डोकं धरून भिंतीच्या सावलीला बसलेले दिसत होते. होल्म त्यांच्याकडे पाहत काहीतरी म्हणाला. दुभाष्याने हसत अधिकाऱ्याला सांगितलं, "म्हणतात, आमच्याकडेही असंच असायचं. सोमवारचा रोग म्हणायचे. म्हातारे कामगार टोपीत कणीक भरायचे."

होल्म पुढे बोलत राहिला आणि दुभाष्याचं हसू हळूहळू मावळलं. "म्हणतात, हृदयाला त्या वाफेची सवय होते. एकदम सुटली तर दोन-तीन दिवसांत हृदय आवळतं. म्हणून मोठ्या सुट्टीत माणसं जायची. वडिलांच्या काळापासून ठाऊक आहे त्यांना. आता त्यांच्याकडे यंत्र तिंबतं, माणसं भिंतीआड असतात."

"मग आपल्याकडे भिंत का नाही?" अधिकाऱ्याने विचारलं.

दुभाष्याने विचारलं. होल्मने खांदे उडवले. "भिंतीचं यंत्र महाग होतं, म्हणतात. त्यांच्याकडची काढून टाकलेली यंत्रं स्वस्त पडली. आपल्याला घाई होती."

मालजाच्या हातात भाताचे वाडगे होते. ते तिने टेबलावर नीट ठेवले, एकेकापुढे. होल्म म्हणाला, "अजून." तिने त्याला किमची वाढली. मग मागच्या ओट्यावर जाऊन बसली. आपण पट्टी उसवली, घासली, उकळत्या पाण्यातून काढली, सगळं तिला पुन्हा पुन्हा दिसत राहिलं.

संध्याकाळी ती देशिकच्या आईकडे गेली. ती मुळा चिरत होती. मालजाने उभ्या उभ्या सांगितलं, "टोपीनं नाही गेले ते. टोपी सुटली म्हणून गेले. माझा मी धुतली म्हणून. तुझा मी बोलले म्हणून."

सुरी थांबली नाही. मुळा संपला तेव्हा देशिकची आई म्हणाली, "हे तू मला सांगायला नको होतंस." आणि पाठ फिरवली.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद झालं. पुढचा चुसोक जवळ आला तशी मालजा एकटीच चाळीतून दारोदार फिरली. "टोप्या धुऊ नका. सुट्टीभर डोक्यावरून काढू देऊ नका. आणि साहेबाकडे भिंत मागा, सगळ्यांनी मिळून मागा." कोणी ऐकलं, कोणी दार लावलं. एक म्हातारी म्हणाली, "हिचं डोकं फिरलंय, दुःखानं."

तिसऱ्याच दिवशी तिला बोलावणं आलं. सुरक्षेचा अधिकारी तिच्याच वयाचा होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली.

"कारखान्यातला माल बाहेर न्यायला कामगारांना चिथावलंस. आतली माहिती पसरवलीस. कोणी सांगितलं तुला? त्या परदेशी माणसानं?"

"वाढताना कानावर पडलं."

"भाषा येते त्याची?"

"'अजून' एवढीच."

त्याने टेबलावर मूठ आपटली. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, माझा भाऊ नाकदोंगवर गेला. बंदूक होती, गोळी नव्हती. कारखाना बंद पडला तर पुन्हा तेच होईल. पाहिजे तुम्हाला?"

मालजाने पहिल्यांदा वर पाहिलं. "माझाही भाऊ तिथंच गेला. तसाच. मी कारखाना बंद करा म्हणत नाही. माझ्या नवऱ्यानं तो आवाज ऐकून डोळे पुसले होते, साहेब. मी भिंत मागतेय."

त्याने टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाला, "भिंत मागायची ही वेळ नाही."

तिला दोन दिवस ठेवून घेतलं. मारलं नाही, झोपू मात्र दिलं नाही. परत आली तेव्हा खोलीला दुसरं कुलूप होतं आणि सामान बाहेर, त्यावर सोंगही बसलेली. चाळीतलं कोणी बाहेर आलं नाही. त्या चुसोकला कंपनीने एकच दिवस सुट्टी दिली आणि कोणी मेलं नाही. बायकांनी ऐकलं म्हणून की सुट्टी कापली म्हणून, ते कोणालाच सांगता आलं नाही.

मालजा मासानच्या बाजारात मासळी साफ करायला बसली. पहिल्या थंडीत बोटं फुटली, मग सवय झाली. स्वतःचा ठेला झाला. सोंगहीचं शिक्षण झालं, लग्न झालं. गावात तोफेच्या दारूच्या त्या कारखान्याचं नाव मोठं झालं होतं. आता इथला माल बाहेरच्या देशांनाही जायचा, बंदरातून झाकलेल्या पेट्या जाताना दिसायच्या. लोक अभिमानाने बोलायचे. मालजा ऐकायची आणि खवले काढायची.

एका सकाळी ठेल्यापुढे एक म्हातारी येऊन उभी राहिली. मालजाने आधी ओळखलं नाही.

"बांगडे ताजे आहेत का?" देशिकची आई म्हणाली.

"बस ना."

ती बसली. थोडा वेळ दोघी माशांकडे पाहत राहिल्या.

"देशिक तिथंच लागलाय," देशिकची आई म्हणाली. "कणकेच्या खात्यात. मी नको म्हटलं, ऐकलं नाही. पण आता भिंत आहे गं. हात-दीड हात जाडीची. हे लोक काचेतून बघतात आणि यंत्र तिंबतं. बाहेरची गिऱ्हाइकं कारखाना बघायला येणार होती, त्यांना दाखवायला बांधली. नवीन करार झाला ना, त्यात फुकट मिळाली म्हणे."

"फुकट?"

"असं देशिक म्हणतो."

मालजाने बांगड्याचं पोट फाडलं, आतडी काढली. "तो भिंतीच्या अलीकडे असतो ना?"

"अलीकडे."

"सोमवारी डोकं दुखतं?"

"नाही."

"नक्की?"

"आई आहे मी त्याची. कळतं मला."

मालजाने चार मोठे बांगडे कागदात गुंडाळून तिच्या हातात दिले. देशिकची आई निघाली, एकदा वळून पाहिलं आणि गर्दीत गेली.

मग मालजाने सुरी खाली ठेवली आणि मोठ्याने रडायला लागली. गिचुल गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती, सासूबाई होत्या, घरात पाहुणे होते. आता तिला आवरेना. आजूबाजूच्या ठेल्यांवरच्या बायका हातातलं टाकून धावल्या. कोणी पाणी दिलं, कोणी पाठीवर हात ठेवला.

"काय झालं, ताई? कोण गेलं?"

"नवरा," मालजा म्हणाली.

"अगं बाई! कधी?"

तिने तोंड उघडलं, पण तिला सांगता येईना.