ओझरचं विमान आणि चार वाजताची ग्रामसभा

आम्ही काठमांडूच्या विमानात बसलो त्याच दिवशी गावात ग्रामसभेची नोटीस लागली. याला योगायोग म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा. मी म्हणणार नाही.

मावशी माझी सख्खी मावशी नाही. इगतपुरीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगावर तिचं गाव आहे, तिथे ती भात लावते. त्याच डोंगरावर खडीची खाण काढायचा घाट काही लोकांनी घातला होता. आमच्या त्या भागात अशा खाणीला ग्रामसभेची संमती लागते, आणि मावशी ग्रामसभेत उठून उभी राहते. ती उभी राहिली की मागे बसलेल्या बायका उभ्या राहतात. ती नसली की कोणीच उठत नाही आणि ठरावाखाली 'सर्वानुमते' असं लिहून मंडळी चहाला जातात. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. नोटीस लावणाऱ्यालाही माहीत होतं.

काठमांडूला डोंगरातल्या बायकांचा मेळावा होता. मावशीला बोलायला बोलावलं होतं आणि तिचं बोलणं हिंदीत सांगायला मी सोबत होते. तिसऱ्या दिवशी तिच्या सुनेने फोनवर नोटिशीचा फोटो पाठवला. सभा आम्ही परतायच्या दिवशीच, दुपारी चार वाजता, मारुतीच्या देवळासमोर. विषय एकच, खाण.

"तुझ्या जाण्याची तारीख कोणाला सांगितली होतीस?" मी विचारलं.

"सगळ्यांना. पयल्यांदा विमानात बसणार व्हते. सांगू नको का?"

सकाळी काठमांडूहून दिल्ली, दिल्लीत विमान बदलायचं, दुपारी ओझर म्हणजे नाशिकचा विमानतळ, तिथून आमच्या संघटनेची जीप. ओझरचं हे विमान चुकलं तर दुसरं त्या दिवशी नव्हतं आणि रेल्वेने पोचेपर्यंत डोंगराला भोक पडलं असतं. सगळं त्या दिल्लीच्या बदलावर टांगलेलं होतं.

आणि काठमांडूला विमान सुटेना. कारण विचारलं तर म्हणे तांत्रिक. 'तांत्रिक' हा शब्द मी तहसील कचेरीत इतक्यांदा ऐकलाय की तो ऐकला की आधी आजूबाजूला कोण हसतंय ते बघते. कोणी हसत नव्हतं. फक्त पलीकडच्या रांगेतला एक माणूस आमच्याकडे बघत होता. पांढरा शर्ट, डोक्यावर सरकवलेला गॉगल. मावशीने त्याला हात केला. मी तिचा हात खाली ओढला.

"ओळखतेस का त्याला?"

"नाय. पण त्यो आपल्याकडचा हाय. फोनवर आपल्यावानी बोलत व्हता."

दिल्लीत उतरलो तेव्हा हातातला बराचसा वेळ वाया गेलेला होता. परदेशातून आलेल्याने आधी पासपोर्टच्या रांगेत उभं राहायचं, मग सामान घ्यायचं, कस्टममधून बाहेर पडायचं, तेच सामान पुन्हा देशी विमानासाठी द्यायचं आणि पुन्हा तपासणीच्या रांगेत लागायचं. आपण घरी परत आलोय हे कोणालाही इतक्यांदा का पटवून द्यावं लागतं, मला कळलेलं नाही.

मावशीकडे पासपोर्ट नव्हता, मतदानाचं कार्ड होतं. नेपाळला ते चालतं, मी चारदा खात्री करून घेतली होती. खिडकीतल्या साहेबाने ते कार्ड उलटंसुलटं केलं. तिच्या नऊवारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नेपाल किसलिए गई थीं?"

"बोलने को," मावशी म्हणाली.

"क्या बोलने को?"

"नाय बोलने को."

साहेबाचा हात थांबला. मी पुढे होऊन मेळाव्याचं, खाणीचं सगळं सांगायला लागले, तर मावशीने मला कोपर मारलं. साहेबाने एकदा हसून कार्ड परत दिलं. तो का हसला याचा विचार करत मी पुढे चालत राहिले.

पट्ट्यावर आमचं एकच सामान यायचं होतं. माझा खोका. संघटनेची पत्रकं, नेपाळी बायकांनी दिलेली त्यांची पत्रकं, सुतळीने बांधून वर माझं नाव. मावशीची पिशवी तिच्या खांद्यालाच होती. लोकांच्या बॅगा येत गेल्या, लोक घेऊन जात गेले. खोका येईना.

काठमांडूला काउंटरवरच्या बाईने सांगितलं होतं की सामान थेट नाशिकला जाईल, दिल्लीत काही बघायला नको. दिल्लीतला गणवेशवाला म्हणाला, इथेच घ्यावं लागेल. दुसरा गणवेशवाला म्हणाला, आलं असेल तर घ्या, नसेल तर आपोआप जाईल.

"यही लिखकर दीजिए," मी म्हणाले. तोंडी आश्वासनावर आमच्या किती पिढ्या बसल्यात ते मला माहीत आहे. मी पेन पुढे केलं.

तो पेनाकडे बघत राहिला. "मॅडम, मैं तो ट्रॉली देखता हूँ."

मी मावशीजवळ आले. "मला वाटतं खोका मुद्दाम मागे ठेवलाय. उघडून वाचत असतील."

"वाचू दे की. त्यासाठीच छापलंय ना?"

मला हसू आलं नाही. खोका घेऊन त्यांना काय मिळणार हे मला सांगता आलं नसतं. पण आम्हाला पट्ट्यापाशी खिळवून ठेवायचं असेल तर याहून सोपी युक्ती नाही, हे दिसत होतं. मी हरवलेल्या सामानाच्या काउंटरकडे गेले. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, तक्रार लिहून द्या, पोच मिळेल. लेखी! आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपणहून लेखी द्यायला तयार होतं. फक्त पुढे सहा माणसं उभी होती.

मागे वळून पाहिलं तर मावशीशेजारी गॉगलवाला उभा.

"ताई, चला आता. ओझरचं बोर्डिंग लागेल," तो म्हणाला.

"आम्ही ओझरला चाललोय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मावशींनी. चारची ग्रामसभा आहे तेही सांगितलं. लय टाइट काम आहे तुमचं."

मी मावशीकडे पाहिलं. ती शेंगदाणे खात होती. त्याचेच असणार.

"तुम्ही काठमांडूला कशाला गेला होतात?"

"पशुपतिनाथाला."

"एकटेच?"

"देवाला काय वऱ्हाड लागतं का ताई?"

उत्तर तयारच होतं. अशा तयार उत्तरांवर मी पूर्वी आख्खी पत्रकं लिहिली आहेत. तो पुढे म्हणाला, "मी दर महिन्याला दिल्ली करतो. वरून जायचा रस्ता मला माहीत आहे. खोका सोडा."

"खोका सोडणार नाही."

मग मावशी उठली. पिशवी खांद्यावर घेतली. "तू थांब तुझ्या कागदांपाशी. मी जाते या भाऊसंगं."

त्याच्यासंगं! मी तक्रार, पोच, खोका, सगळं तिथेच टाकलं आणि त्यांच्या मागे पळाले. आजही कोणी विचारलं की तू चळवळीसाठी काय सोडलंस, तर खरं उत्तर एक सुतळीने बांधलेला खोका हेच आहे.

तो पुढे, मावशी मध्ये, मी मागे. तो वळला की मी पाटी वाचायची आणि मगच वळायचं. एका ठिकाणी पाटी सरळ दाखवत होती आणि तो डावीकडे वळला. मी ओरडले, "मावशी, थांब!" ती थांबली. तो परत आला, बोट दाखवलं. डावीकडे लिफ्ट होती, त्यावर लहान अक्षरांत देशांतर्गत उड्डाणं असं लिहिलेलं होतं. लहान अक्षरांत का, हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही.

तपासणीत मावशीच्या पिशवीतून विळा निघाला नाही, नशीब. निघाली ती नेपाळच्या बायकांनी तिला दिलेली पितळेची वाटी. ती मशीनमधून दोनदा फिरवली. मावशी त्या पोलीसबाईला म्हणाली, "बाय, फिरव किती फिरवायची ती. पण माझ्या विमानाला तू सांग थांबायला." पोलीसबाईला मराठी कळत नव्हतं, तरी तिने पुढच्या खेपेला सोडलं.

आम्ही दारापाशी पोचलो तेव्हा शेवटची माणसं आत जात होती. धाप लागलेली मी मावशीच्या मागे उभी राहिले. गॉगलवाला आमच्याच मागे होता. ठरवून मागे राहिला असावा, असं मला वाटलं. पुढे होता तेव्हाही तसंच वाटत होतं.

ओझरला उतरताच फोन लावला. जीपवाला म्हणाला, "ताई, नाशकात द्वारकेच्या चौकात अडकलोय. पुढे ट्रक आडवा झालाय, हलायला जागा नाय. अर्धा तास, जास्तच धर."

जास्तच म्हणजे ग्रामसभा संपली. बाहेर गॉगलवाल्याची गाडी लागलेली, ड्रायव्हरने दार उघडलेलं.

"बसा. इगतपुरीकडेच मला जायचंय. जीपवाल्याला म्हणावं परत फिर, आपण आतल्या रस्त्याने द्वारका चुकवू."

मग मी त्याला सरळ विचारलं. "तुमचा धंदा काय?"

त्याने गॉगल काढला. "खडीचा. सिन्नरला क्रशर आहे."

इतका वेळ मला वाटत होतं की मी उगाच संशय घेतेय. नव्हते घेत. मला आनंद झाला की भीती वाटली हे सांगता येणार नाही. दोन्ही झालं असावं.

"आमच्या गावची खाण तुमची?"

"नाही." त्याने गॉगल खिशात घातला. "अजून तरी नाही."

"मावशी, या गाडीत पाय ठेवायचा नाही. उद्या गावभर फोटो फिरेल."

"मग कशात ठेवू? चालत जाऊ का इगतपुरीला?" ती त्याच्याकडे वळली. "भाऊ, गाडी तुझी, तोंड माझं. चालंल?"

"चालेल की."

ती पुढच्या सीटवर बसली. मला मागे बसावं लागलं. वाटभर मी गाडी कुठे वळते ते फोनवर बघत होते. ड्रायव्हरने डिझेलला थांबवली तेव्हा मी खाली उतरून उभी राहिले, उशीर मुद्दाम करतायत का बघायला. डिझेल खरंच भरलं जात होतं. ते मला पुरेसं वाटलं नाही.

मावशी मात्र बोलत होती. डोंगरातलं पाणी कुठून झिरपतं, कोणाच्या भाताला कुठला ओहोळ, सुरुंग लागला की कोणाची विहीर आटेल. एकेक ओहोळ सांगून झाला की म्हणायची, "म्हून नाय." तो एकदा म्हणाला, "मावशी, रस्ते कशाने होणार मग? हाच रस्ता बघा ना." ती म्हणाली, "रस्ता लय चांगला हाय. तुझ्या सिन्नरच्या खडीचा हाय ना? मग ऱ्हा की सिन्नरला." ड्रायव्हर फसकन हसला आणि लगेच गंभीर झाला.

गावाच्या फाट्याला मी म्हणाले, इथेच उतरू, पुढे चालत जाऊ.

"लपून उतरायचं म्हंजी आपणच चोर," मावशी म्हणाली. "देवळापर्यंत घे रे."

सभा सुरू झालेली होती. सरपंच बोलत होते, ग्रामसेवक लिहीत होते, बायका मागच्या ओट्यावर मुकाट. गाडी सरळ देवळासमोर थांबली. सगळ्या माना वळल्या. सरपंचांना तर जेवणानंतरचं पान मिळाल्यासारखं झालं.

"या, या! नेपाळ करून आल्या. आणि आल्या कशातून बघा मंडळी, क्रशरवाल्या शेठच्या गाडीतून! आम्हाला म्हणतात खाण नको, आणि स्वतः—"

ओट्यावर कुजबुज झाली. एका बाईने पदर ओढून तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं. याचसाठी होतं सगळं. काठमांडूपासून याचसाठी.

मावशी गाडीच्या दारातच उभी राहिली. आत बसलेल्या त्याला म्हणाली, "उतर जरा."

तो उतरला.

"सांग यांना. ओझरपासून इथपर्यंत मी तुला काय म्हणाले?"

त्याने सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी मानेने काहीतरी केलं. माझी शपथ आहे, केलं. तो जरासा घुटमळला. मग म्हणाला, "नाही म्हणाल्या."

"किती वेळा?"

"सगळ्या वाटभर."

आधी पोरं हसली. मग ओट्यावरच्या बायका. तोंड फिरवलेली ती सगळ्यात आधी उठली, आणि मग ओटाच्या ओटा उभा राहिला. पुरुषांतलेही बरेच उठले, काही लाजेने, काही मनापासून. खाणीला संमती मिळाली नाही.

मी मात्र ग्रामसेवकांच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले. त्यांनी लिहिलं होतं, 'विषयावर सविस्तर चर्चा झाली.'

"साहेब, चर्चा नाही झाली. नाही म्हणाले. तसं लिहा."

"अहो ताई, अर्थ तोच."

"मग लिहायला काय हरकत?"

त्यांनी ओळ खोडली, लिहिलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. मावशीने या वेळी माझ्या कागदाची थट्टा केली नाही. म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं.

गाडी वळून निघून गेली होती. संध्याकाळी तिच्या ओसरीवर मी विचारलं, "त्याने खरं का सांगितलं असेल?"

"विचारलं म्हून."

"इतकं सोपं नसतं मावशी. तो परत येणार. 'अजून तरी' म्हणाला होता."

"येईल की. डोंगर कुठं जातो?" तिने पितळेची वाटी पुसून फळीवर ठेवली. "आला तर परत नाय म्हणू. तू फकस्त त्या दिवशी खोका आणू नको."