डिश नको, अँटेना लावा

सौदीत, दम्मामला, आमचं भाड्याचं घर वरच्या मजल्यावर होतं. खाली घरमालक, त्यांची बायको आणि मुली. गच्ची मात्र त्यांची. किल्लीच मुळी मालकीणबाईंच्या कमरेला असायची.

कुवेतमध्ये इराकचं सैन्य शिरलं आणि आमच्या ओळखीतल्या बायका एकेक करून मुलांना घेऊन भारतात निघाल्या. आमचे हे जुबैलच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांना सुट्टी मिळेना, उलट आठवडेच्या आठवडे तिकडेच मुक्काम. ह्यांचं एकच पालुपद, तू लेकीला घेऊन नाशिकला जा. मी म्हटलं, "जाणार नाही. तुम्ही इथे आणि मी तिथे बसून देव पाण्यात घालू? मला इथे राहून रोजची खबर हवी." शेवटी तडजोड झाली. टीव्हीवर बातम्या लागतायत तोवर मी राहायचं. बातमी बंद झाली की बॅग भरायची, तिथे चर्चा नाही.

म्हणजे माझं राहणं त्या टीव्हीच्या डबड्यावर आलं! मग प्रश्न, डिश की अँटेना? ह्यांच्या एका सहकाऱ्याकडे गच्चीवर ही भली मोठी डिश होती. त्याच्याकडे चोवीस तास जगभरच्या बातम्या. मी डिशचा हट्ट धरला. हे घरमालकांकडे विचारायला गेले आणि पाच मिनिटांत परत आले.

"डिश नको, अँटेना लावा, म्हणतात."

"का पण? त्यांच्या बापाचं काय जातंय?"

कारण ऐकून मी कपाळावर हात मारला. डिश म्हटली की मेकॅनिक आला, आणि तो एकदा येऊन भागत नाही. वारा सुटला, डिश हलली, की पुन्हा हजर. गच्चीवरून शेजारच्या तीन घरांची अंगणं दिसायची. तिथे बायका मोकळ्या डोक्याने वावरायच्या, कपडे वाळत घालायच्या. परका पुरुष वर कसा चालेल? आमच्या ह्यांनी साधा अँटेना बसवला, तोसुद्धा घरमालकांनी सगळ्या शेजाऱ्यांना आधी कळवल्यावर, आणि जिन्यात चारदा मोठ्याने खाकरून. मी महिनाभर त्या माणसाला मनात 'खडूस' म्हणत होते. तोंडावर 'अस्सलाम आलेकुम', मनात खडूस.

पण खरं सांगते, अँटेना गुणी निघाला. दम्मामचं स्थानिक चॅनेल तर यायचंच, शिवाय तोंड समुद्राकडे केलं की बहरीनचं यायचं आणि त्यावर इंग्रजी बातम्या. त्या डिशवाल्यांकडे एकदा जाऊन बसले, तर तिथे अमेरिकेचे सेनापती नकाशावर काठी फिरवत होते. आमच्या गावात काय चाललंय ते विचारायची सोय नाही. तरी घरी आल्यावर मी कबूल केलं नाही हं!

युद्ध सुरू झालं. विषारी वायूच्या भीतीने एका खोलीच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, टीव्ही तिथेच आणला. एके दिवशी दुपारपासून वारा पिसाळला होता. संध्याकाळी भोंगा वाजला. मी लेकीला गॅस मास्क चढवला, स्वतःला चढवला आणि दार लावून बसलो. थोड्या वेळाने असा दणका बसला की कपाटातली भांडी वाजली. बहरीनचं चॅनेल लावलं तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. वाऱ्याने अँटेना फिरला होता. स्थानिक चॅनेल 'घरात थांबा' याच्यापलीकडे काही सांगेना. मी ह्यांना जुबैलला फोन लावत होते, तो लागेना.

तेवढ्यात दारावर थाप. मालकीणबाई. तोंडावर मास्क, अंगावर बुरख्यासारखा काळा अबाया. आम्ही बऱ्या आहोत ना, बघायला आल्या होत्या. त्यांच्या भावाचा फोन आला होता. क्षेपणास्त्र जुबैलच्या बाजूला पडलं म्हणत होता, नक्की कुठे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी नुसतं टीव्हीकडे बोट केलं. "मा फी," म्हटलं. काहीच नाही.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कमरेची किल्ली काढली आणि तडक जिना चढायला लागल्या. धोका टळल्याचा भोंगा अजून वाजला नव्हता! मी ओरडले, "खतर! खतर!" वरून मास्कमधून घोगरा आवाज आला, गच्ची माझी आहे.

मी जिन्याच्या तोंडाशी, लेक टीव्हीसमोर. ती आतून शाळेतल्या हिंदीत ओरडायची, "नहीं आया मम्मी!" की मी वर ओरडायचे, "ला, ला!" नाही, नाही. वर खांब करकरायचा. "थोडा आया!" "श्वय, श्वय!" खालच्या पायऱ्यांवर घरमालक उभे, आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. परक्या बाईकडे बघायचं नाही, हे त्या गोंधळातही सुटलं नव्हतं. बायकोला मात्र ओरडत होते, "यल्ला, यल्ला!" चल, लवकर, आणि मध्येच दुवा पुटपुटत होते.

"आ गया! आ गया!"

मी आत धावले. क्षेपणास्त्र समुद्रात पडलं होतं, कारखाने सुखरूप होते, कुणालाही इजा नव्हती. मी जिन्यात येऊन बोंब ठोकली, "बहर! बहर!" समुद्र! वरून "अल्हम्दुलिल्लाह" आलं, खालून भिंतीकडूनही आलं. आणि मी तिथेच पायरीवर बसून लहान पोरीसारखी रडले. मालकीणबाई खाली आल्या, माझा मास्क काढला आणि आपल्या अबायाने माझं तोंड पुसलं. माझ्या सख्ख्या बहिणीनेसुद्धा याहून वेगळं काय केलं असतं?

हे परतले ते दोन तिकिटं घेऊनच. "वाऱ्याने टीव्ही गेला होता, कळलंय मला. ठरल्याप्रमाणे बॅग भर."

"टीव्ही गेला नव्हता," मी म्हटलं. "गेला होता तो परत आणला." मग सगळं सांगितलं, आणि वर म्हटलं, "माझ्या नवऱ्याची खबर आणायला जी बाई धोका टळल्याचा भोंगा व्हायच्या आत गच्चीवर चढली, तिला सोडून मी कुठे जाऊ? ती तिकिटं आधी परत करा."

ह्यांनी तिकिटं परत खिशात ठेवली. मग खाली गेले. मालकीणबाई समोर येणार नव्हत्या, म्हणून उंबऱ्याबाहेरूनच घरमालकांना म्हणाले, तुमच्या घरच्यांचे फार उपकार झाले, एवढं त्यांना सांगा.

घरमालकांना सांगावं लागलं नाही. दाराआडून मालकीणबाईंनीच विचारलं, "म्हणजे ती जात नाही ना?"