उनाच्या हेडफोनमधले दोन डायोड

उना ट्रेलोर दूरदूरच्या वस्त्यांशी बोलणाऱ्या आमच्या रेडिओ केंद्रावर बसायची आणि मी तिथला मेकॅनिक. तिचा कान इतका तिखट, की दूरच्या वस्तीवरच्या बाईनं आपल्या रेडिओचं बोलायचं बटण दाबून नुसता श्वास घेतला तरी उना तिला नावानं हाक मारायची. जीभही तितकीच तिखट. "क्लेम, तुझ्या यंत्रांना माणसं कळत नाहीत, मला कळतात," हे मी रोज मुकाट ऐकून घ्यायचो.

सकाळी आजाऱ्यांची डॉक्टरांशी बोलणी आटोपली की रेडिओवर बायकांच्या गप्पांची वेळ. आमच्याकडे तिला काकाकुव्यांचा तास म्हणतात. तो पक्षी एकदा कलकलायला लागला की थांबत नाही. सख्खी शेजारीण साठ मैलांवर, तेव्हा बायांनी बोलावं तरी कुणाशी? फक्त एक कायदा सगळ्या पाळायच्या. एक बोलते तेव्हा चाळीस घरं ऐकतात, म्हणून घरातलं भांडण हवेवर काढायचं नाही. कोंबड्या, पाव, पाण्याची टाकी, बस्स.

उनाची एकुलती एक मुलगी मर्ना लग्न होऊन अशाच एका लांबच्या वस्तीवर गेली होती. त्या उन्हाळ्यात तिचा आवाज घोगरा यायला लागला. "मी मजेत आहे, आई. ओव्हर." रोज एवढंच. उनानं ठरवून टाकलं, की दोष माझ्या हेडफोनचा.

हेडफोनच्या दोन तारांमध्ये मी दोन डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे चिमुकले तुकडे, आडवे जोडले होते, एकमेकांच्या उलट तोंडांनी. आवाज बेताचा असेल तोवर ते दार लावून गप्प बसतात. आकाशात वीज कडाडली, आवाजाची लाट ठरावीक उंचीच्या वर गेली, की दार उघडतं आणि वरचं सगळं तिथल्या तिथे जिरतं. एक डायोड लाटेचा वरचा शेंडा छाटतो, दुसरा खालचा. कान वाचतो. तोटा एवढाच, की माणसाचा फार मोठा आवाजही छाटला जाऊन घोगरा होतो. केंद्रापासून अवघ्या पाच मैलांवरची बेरिल त्यातून बेडकासारखी ऐकू यायची, आणि हे तिला सांगायची कुणाची छाती नव्हती.

एके सकाळी, गप्पा रंगात असतानाच, उनानं मला हाक मारली.

"बाकीचे कुठे लपवलेस?"

"बाकीचे काय?"

"डायोड. दोन मी काल कापून टाकले. बेरिलचा आवाज लख्ख झाला. मर्नाचा तसाच आहे. म्हणजे आणखी असणार."

तिच्या हातात शिवणाची कात्री होती. उत्तरेला कोरड्या विजा लकाकत होत्या. माझं डोकंच फिरलं.

"अगं, बहिरी होशील! तुझ्या आधीच्या बाईचा डावा कान गेला तो काय हौसेनं? आणि मर्नाचा आवाज चारशे मैलांवरून येतो, मुंगीएवढा. तिच्यासाठी त्या डायोडांचं दार कधी उघडलंच नाही. त्यांनी तिला हातसुद्धा लावला नाही. ती जशी बोलते तशीच तुला..."

उनानं कात्री खाली ठेवली.

"म्हणजे तिचा घसाच तसा आहे," ती म्हणाली.

"सर्दी असेल."

"सर्दी असती तर तिनं सांगितलं असतं. सर्दी हवेवर सांगता येते."

उनानं टेबलावरचा खरखरता स्पीकरही चालू केला आणि माइक ओढला.

"सगळ्याजणी गप्प बसा. मर्ना, तू बोलू नकोस. हो असेल तर बटण दोनदा दाब, नसेल तर एकदा. कीथ घरात आहे का?"

स्पीकरमधून एकदाच टक् झालं.

कीथ उनाचा जावई. हसरा, दर नाताळला मला बळेच बिअर पाजणारा.

"त्यानं तुझा गळा धरला का?"

चाळीस घरं ऐकत होती. असला प्रश्न त्या हवेवर आजवर कुणी विचारला नव्हता. टक् झालं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात दुसरं टक् झालं. त्या माणसाची बिअर मी प्यायलो होतो.

"उना, मी डल्सी," मर्नाची शेजारीण बोलली. "आमच्या घरचे दोघं पुरुष ट्रक काढतायत. बंदूक घेतलीये. ओव्हर."

"मर्ना, दाराला कडी लाव आणि बटण दाबून धर. ते पोचेपर्यंत सोडू नकोस."

पलीकडून बटण दाबलेलं असलं की आपल्याला बोलता येत नाही, नुसतं ऐकता येतं. उना ऐकत बसली. काकाकुव्यांपैकी एकीनंही तोंड उघडलं नाही. मी नवे डायोड घेऊन हात पुढे केला, निदान ते जोडेपर्यंत हेडफोन दे म्हणालो. तिनं दिला नाही; स्पीकरच्या खरखरीत श्वास हरवला असता. विजेच्या दर कडकडाटाला तिचा चेहरा पिळवटायचा, पण तिनं दोन्ही हातांनी तो कानावर दाबून धरला होता. वाकल्यावर मलाही त्यातून मर्नाचा श्वास ऐकू येत होता, आणि तोही घोगरा होता.