दोघंच आहेत, बरं का

कलावंताचा सन्मान करतो तोच समाज जिवंत राहतो. अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीच्या मराठी मंडळात हे वाक्य प्रत्येक कार्यक्रमाआधी कोणी ना कोणी म्हणतंच. ते सुरू झालं की शेवटच्या रांगेतले काका दोन्ही कानांतली मशीनं काढायचे, रुमालात गुंडाळायचे आणि खिशात ठेवायचे. चेहऱ्यावर समाधी लागल्याचा भाव. सत्कार आटोपले की मी त्यांच्या गुडघ्याला हात लावायचा. मंडळातली माझी एवढी एकच जबाबदारी होती आणि ती मी चोख पार पाडली.

असे एक काका तुमच्याही मंडळात असतील. सगळ्यांना आवडतात आणि समितीत घ्यायची वेळ आली की सगळे छताकडे बघतात. आमचे काका पुलांचे इंजिनिअर होते. मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. रात्रीचं त्यांना ड्राइव्ह करायला जमेनासं झालं, तेव्हापासून त्यांना नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं.

त्यांच्या कानांतून वरचे सूर आधी गेले. मंडळात एकदा बासरीचा कार्यक्रम झाला. परत येताना मी विचारलं, "काका, कसं वाटलं?" ते म्हणाले, "एक सज्जन तासभर नळीत फुंकर घालत होते. शेवटी सगळे उठले, म्हणून मीही उठलो."

मग एकदा ते गाडीचं ऑइल बदलायला गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकने इंग्लंडातल्या दोन मुलांचा ब्लूज-रॉकचा अल्बम लावला होता. खालच्या सुरात लावलेली एक गिटार आणि एक ड्रमसेट, बस. काका गाडी तयार झाल्यावरही तिथेच बसून राहिले. कित्येक वर्षांनी त्यांना एक गाणं वरपासून खालपर्यंत ऐकू आलं होतं. मेकॅनिकने सांगितलं, हा त्यांचा पहिलाच अल्बम. काकांनी त्याच दिवशी तो मागवला.

तिथून आमचे हाल सुरू झाले.

चहाला बोलावलेल्या माणसाला काका तळघरात न्यायचे. चपला बाहेर, फोन टोपलीत, मांडी घालून सतरंजीवर. शास्त्रीय गाण्याच्या बैठकीचे सगळे नियम, आणि समोर भिंत हादरवणारा तो अल्बम. पाहुणा दचकला की काका हाताची दोन बोटं वर करायचे. "दोघंच आहेत, बरं का. आपल्या दिवाळी पहाटेला स्टेजवर अकरा जण असतात. त्यातले चार नुसती मान हलवतात."

वरून काकू ओरडायच्या, "अहो, त्यांना चहा तरी पिऊ द्या."

ते काकांना ऐकू जायचं नाही. निदान ते तसं म्हणायचे.

एका डॉक्टरांनी धीर करून गाण्याचा अर्थ विचारला. काका म्हणाले, "भांडण असावं. शब्द मला कळत नाहीत. तो फायदाच समजा. पण बांधणी बघा. जास्तीचं मटेरियल कुठेही नाही. यातला एक काढा, सगळा पूल खाली." डॉक्टरांनी मान हलवली. पुढच्या वेळी ते चहा घरूनच पिऊन आले.

डावा कान पूर्ण गेला तेव्हा काकांनी त्याची फारशी चर्चा केली नाही. उजवाही फार टिकणार नाही, असं तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं आणि मोठ्या आवाजापासून लांब राहायला बजावलं. त्याच सुमाराला ती दोन मुलं अमेरिकेत आली. आमच्यापासून अर्ध्या तासावरच्या एका क्लबात तो अख्खा अल्बम वाजवणार होती.

काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. "मला ते एकदा समोर उभं राहून ऐकायचंय. कान आहे तोवर. तू ड्राइव्ह करशील ना?"

काकू मागोमाग आल्याच होत्या. "आहे तेवढाही घालवून बसाल. मग माझं कोण ऐकणार?"

"जपून कशासाठी ठेवू?" काका म्हणाले. "अध्यक्षांच्या भाषणासाठी?"

काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढे उभं राहू देऊ नकोस त्यांना."

क्लबाच्या दारात पिशवी तपासली गेली. आत दोन शाली आणि दोन नारळ. काकूंना रांगोळी स्पर्धेच्या परीक्षक म्हणून ज्या शाली मिळत, त्यांतल्या दोन काकांनी उचलल्या होत्या. दारावरच्या धिप्पाड माणसाने नारळ हातात घेऊन हलवून बघितला. "सर, नो आउटसाइड फूड."

"धिस इज नॉट फूड," काका म्हणाले. "धिस इज रिस्पेक्ट."

नारळांचा रिस्पेक्ट दारातल्या टेबलाखाली ठेवून, शाली घेऊन आम्ही आत गेलो.

काका अर्थातच सगळ्यांत पुढे, कठड्याला धरून उभे राहिले. पहिला ठोका पडला आणि माझ्या दाढा हलल्या. आजूबाजूची पोरं एकमेकांच्या कानाला तोंड लावून "व्हॉट? व्हॉट?" करत होती. त्या हॉलमध्ये ज्याला कुणालाच काही विचारावं लागत नव्हतं असा एकच माणूस होता. डोळे मिटून, मान तालावर, एक हात कठड्यावर. मधेच त्यांचे ओठ हलले. बहुधा "क्या बात है" असावं. दाद कुणापर्यंत पोचली नाही, माझ्यापर्यंतही नाही.

कार्यक्रमानंतर ती दोघं टीशर्टांच्या टेबलामागे सह्या देत बसली होती. काका रांगेतून पुढे गेले आणि काही न बोलता त्यांनी दोघांच्या खांद्यांवर शाली घातल्या. गिटारवाल्याने हात जोडले. ड्रमवाला घामाने निथळत होता. त्याने शालीने तोंड पुसलं, मान पुसली, मग काखा पुसल्या आणि "चिअर्स, मेट" म्हणाला.

मी काकांकडे बघायचं टाळलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाले, "आपल्याकडे शाल कपाटात जाते आणि पुढच्या सत्काराला बाहेर येते. या पोराने वापरली रे."

पुढच्या तपासणीत उजवा कान आणखी उतरलेला निघाला. काकूंनी अबोला धरला. तो काकांच्या लक्षात यायला आठवडा गेला.

मी विचारलं, "काका, पस्तावताय का?" दोनदा विचारावं लागलं.

"उरला होता, तो चांगल्या ठिकाणी गेला," ते म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मंडळाने कम्युनिटी सेंटरमध्ये शोकसभा ठेवली. संगीत हा त्यांचा श्वास होता, असं अध्यक्ष म्हणाले. मग मी त्या अल्बममधलं पहिलं गाणं लावलं. शेजारच्या खोलीत ध्यानाचा वर्ग चालू होता. तिथून एक बाई आल्या आणि अत्यंत शांतपणे म्हणाल्या, जरा आवाज कमी कराल का? मी कमी केला. माणसं खाली मान घालून बसली होती.

पहिल्या रांगेतून काकू उठल्या. "एवढ्या हळू त्यांना कुठलं ऐकू जायला?" असं म्हणून त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि जागेवर जाऊन बसल्या.

तो ध्यानाचा वर्ग आता दुसऱ्या इमारतीत भरतो.