पावणेदोन तासांची वजाबाकी

यंदा मी आईला न विचारताच तिचं पुणे–दुबई तिकीट काढलं आणि फोनवर पाठवून दिलं. पाचच मिनिटांत तिचा फोन आला.

"अगं, दहाला सुटतं नि पावणेबाराला पोचतं? पावणेदोनच तास? मग येते की!"

तीन वर्षं मी तिची मनधरणी करत होते. गुडघ्यांमुळे तिला दोन तासांच्या वर एका जागी बसवत नाही, त्यामुळे दर वेळी नकार. आणि आता ही एका दमात तयार! तिकिटावर सुटायची वेळ पुण्याची असते, पोचायची दुबईची, आणि इथलं घड्याळ दीड तास मागे. प्रवास सव्वातीन तासांचा. आईने सरळ वजाबाकी केली होती. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मी दुबईजवळच्या अल ऐन शहरात एका हॉस्पिटलात रक्त काढायचं काम करते. "दुखलं का?" "नाही." दिवसभराचं माझं बोलणं एवढंच. बरोबर राहणारी मुलगी नोकरी बदलून दुबईला गेली, त्यानंतर शुक्रवारी संध्याकाळी लावलेलं दार मी सोमवारी सकाळीच उघडते. मधेच उगाच मोठ्याने काहीतरी बोलून बघते. एकटीने राहायला आवडतं असं मी सगळ्यांना ऐकवत असते. साफ खोटं आहे ते. मला कंटाळा आलाय.

आईसाठी मी उंच खुर्ची आणली. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली. एक्स-रे विभागात मुंबईची एक मैत्रीण आहे, तिला सगळं सांगितलं तर ती हसत सुटली. "अगं, बोलूच नकोस काही. एकदा फ्लाइटमध्ये बसल्या की खलास! मध्येच उतरणार थोड्याच?" मला ते लगेच पटलं. सोयीचं असलं की मला काहीही पटतं.

निघायला चार दिवस होते. आई फोनवर खुशीत होती. "त्या दिवशी दुखण्याची गोळी घेणार नाही हं. तिने गुंगी येते मला. पावणेदोन तास काय, असे निघून जातील."

गोळीशिवाय सव्वातीन तास ती कशी बसणार? मी सांगून टाकलं, घड्याळांच्या फरकासकट सगळं.

तिने मोठ्याने तास पुन्हा मोजून पाहिले. मग म्हणाली, "नाही गं जमायचं मला. रद्द कर."

"करते," मी म्हटलं. रडू येत होतं, पण तिला कळू दिलं नाही.

"मग तू येतेस तेव्हा गं? दोनला निघून साडेसहाला उतरतेस ना? मी आपली साडेचार तास धरत होते."

"नाही आई. तेही तीनच तास."

रजा मागितली तर मिळते. मी मागत नाही, कारण तिकडे गेलं की परत निघायचा दिवस उजाडतो आणि तो मला सोसत नाही. आईला हे कधी सांगितलेलं नाही. दोन-दोन वर्षं जात नाही, आणि तिनेही कधी का म्हणून विचारलं नव्हतं.

"असं होय," आई म्हणाली. "मला वाटायचं, यायला फार वेळ लागतो म्हणून येत नाहीस."