काटे बंद, काच साफ

धनसिंग राठोडांनी आयुष्यभर ज्या बसगाड्या हाकल्या, त्यांतल्या एकीचाही काटा धडपणे हलल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. वेगाचा काटा शून्यावर झोपलेला, डिझेलचा कायम अर्ध्यावर, आणि इंजिन तापलं की नाही ते सांगणाऱ्या काट्याच्या जागी नुसतं भोक. त्या भोकात धनसिंग उदबत्ती खोचत. असल्या गाड्या त्यांनी दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर नोकरी संपेपर्यंत चालवल्या आणि एका कोंबडीपलीकडे कुणाच्या केसाला धक्का लागू दिला नाही. चूक कोंबडीचीच होती, असं ते अजून सांगतात. ‘काटे बंद असले तं चालते, काच साफ पाहिजे,’ हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि ते ऐकवायला कुणी विचारायची गरज नसे.

असा माणूस निवृत्तीनंतर विमानं उडवू लागला. घाबरायचं कारण नाही, संगणकावरच.

संगणक मधुसूदन पांढरीपांड्यांचा. हे नोकरीभर दारव्ह्याहून रोज यवतमाळच्या कचेरीत गेलेले हेडक्लार्क, म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या सीटचे कायमचे मालक. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा भला मोठा पडदा, विमान वळवायचा दांडा आणि विमान उडवायचा खेळ घरीच टाकून गेला. मधुसूदनरावांनी ते सगळं सरकारी कामासारखं अंगावर घेतलं. नियम पाठ केले. उड्डाणाआधी कानाला फोन लावून, नसलेल्या नागपूर टॉवरशी इंग्रजीत बोलू लागले. त्यांच्या पत्नी मंजुषाताईंनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं, यांना पेन्शन मानवलेली दिसत नाही.

खेळात उडायच्या दोन रीती. एक व्हीएफआर, म्हणजे खिडकीतून बाहेर बघायचं, नदी, रस्ता, टेकडी ओळखत जायचं. दुसरी आयएफआर. बाहेर ढग असो की काळोख, बघायचंच नाही. समोरच्या तबकड्या सांगतील ते खरं मानायचं. मधुसूदनराव कट्टर आयएफआरवाले. धनसिंग आठवड्यातून दोनदा आपल्या बंजारा तांड्यावरून जीप घेऊन यायचे आणि खिडकीतून बघत उडायचे.

“बाबूजी, खाली पाहा. हे बोरी, अन् हे आलं लाडखेड,” धनसिंग म्हणायचे. “पन हे झाडं कोनाचे? इथं तं तूर असते. अन् लाडखेडात तीन मजली बिल्डिंग कवा झाली?”

“ड्रायव्हरसाहेब, ते अमेरिकेतल्या पोट्ट्यांनी बनवलं. म्हणून तर म्हणतो, बाहेर पाहू नका, काट्यावर भरोसा ठेवा.”

“काट्यावर भरोसा ठेवला असता तं तुमी रिटायर व्हाले उरले नसते.”

यावर चहा यायचा, आणि दोघंही आपण जिंकलो असं समजून तो प्यायचे.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र धनसिंगच्या काचेत बिघाड झाला. खरं तर काच ठीक होती, डोळे बिघडले होते. समोरून येणाऱ्या गाडीचा एकेक दिवा फुटल्यासारखा पसरायचा, चंद्र दोन दिसायचे, दुपारही धुरकट वाटायची. मोतीबिंदू आहे हे ओळखायला डॉक्टर लागत नव्हता. पण तांड्यात त्यांना राठोड म्हणून कुणी हाक मारत नसे. ते ‘धनसिंग डायवर’. डोळे गेले म्हटलं की नावातलं अर्धं गेलं. ऑपरेशन होईल, डोळे परत येतील, हे त्यांना कळत होतं. पण त्यासाठी आधी गेलेत असं म्हणावं लागतं, आणि तेवढं एक वाक्य त्यांच्या घशातून बाहेर येत नव्हतं.

त्यांची बायको रामीबाई जीपमध्ये एरवी मागे पाय पसरून बसायच्या, त्या आता पुढे बसू लागल्या. “गाय हाय... खड्डा हाय... टरक येऊन राह्यला.” म्हातारपणी हिचं तोंड सुटलं, असं धनसिंग लोकांना सांगत आणि तिच्या तोंडाबरहुकूम गुमान ब्रेक मारत. दोघांनाही सगळं ठाऊक होतं, बोलत कुणीच नव्हतं.

पांढरीपांड्यांच्या घरी पडद्यासमोर रामीबाई नव्हत्या. तिथे धनसिंगनी धर्म बुडवला. राखाडी रानातली राखाडी धावपट्टी त्यांना सापडेना, पण काळ्या तबकडीवरच्या जाड पांढऱ्या रेघा दिसत. एक उभी, एक आडवी. दोघींची फुली मधोमध धरून ठेवली की विमान आपोआप नागपूरच्या धावपट्टीवर येतं. मधुसूदनराव चहा सांगायला उठले की धनसिंग तबकडी मोठी करून घेत आणि लोण्यासारखं विमान टेकवत. तोंडानं मात्र, “वा! कशी साफ दिसून राह्यली धावपट्टीजवळची मिहानची पान्याची टाकी!”

मधुसूदनरावांनी एकदा दारातून वळून पाहिलं आणि चोरी पकडली. त्यांना झालेला आनंद सांगता येत नाही. “बाटला! ड्रायव्हर बाटला!” ते ओरडले. “रविवारी या. वहिनींनाही आणा. सगळे काटे बंद करून देतो, तुमच्या बसवाणी. स्वच्छ ऊन, आपली यवतमाळची धावपट्टी. उतरवून दाखवा.”

नाही म्हणायची सोय नव्हती. त्यात शेजारच्या खेमसिंगच्या सुनेला, ममताला, बाळंतपणासाठी सोमवारी यवतमाळला न्यायचं होतं. तांड्यातलं कुणीही दवाखान्यात जायचं म्हणजे धनसिंगच्याच जीपमधून, हे ठरलेलं. खेमसिंगला शब्द दिलेला होता. रविवारी विमान पडलं तर सोमवारी जीपला हात कसा लावायचा, ही चिंता त्यांना आतून खात होती. चिंतेचा उपाय म्हणून त्यांनी रविवारी मिशीला काळं लावलं.

रविवारी दोघी बायका मागे खुर्च्या टाकून बसल्या. मधुसूदनरावांनी एकेक तबकडी बंद केली, लग्नात पंगत वाढावी तशा उत्साहानं. विमान उडालं. वळणापर्यंत धनसिंग सरावानं गेले. मग खाली बघितलं तर सगळं ताकासारखं. डोळे बारीक केले, मोठे केले, मान पुढे नेली. शेवटी त्या ताकात काहीतरी सरळ दिसलं, आणि त्याच्या शेजारी तसंच आणखी एक.

“बाबूजी,” ते हळूच म्हणाले, “दोन्हीतली खरी कोनती?”

“दोन्हीतली?” मधुसूदनराव हसत पुढे झाले आणि त्यांचं हसू तिथंच विरलं. “एकच आहे हो.”

विमान तुरीच्या जागी उगवलेल्या अमेरिकन झाडांत गेलं. पडदा काळा झाला. मंजुषाताई उगाच चहा ठेवायला उठल्या. मधुसूदनराव आयुष्यात पहिल्यांदा जिंकले होते आणि त्यांना अतिशय वाईट वाटत होतं. “खेळ भिकारच आहे हा,” ते म्हणाले.

धनसिंग बाहेर आले, जीपमध्ये बसले, किल्ली फिरवली. रामीबाई शेजारी येऊन बसल्या. रस्त्यावर माणसं, गुरं, हातगाड्या, सगळ्यांची एकच खिचडी. धनसिंग गियर टाकून थांबून राहिले. शेजारून आवाज येईना.

“काहून बोलत नाही तू?”

“कायले बोलू? तुमाले दिसते ना.”

“रामी, समोर काय हाय सांग.”

“नाही सांगत,” रामीबाई म्हणाल्या. “उद्या ममता मांगं कळा देत बसन. मी तिच्याकडं पाहू का रस्त्याकडं?”

इंजिन घरघरत राहिलं. धनसिंगना बायकोचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली, आणि लाज रागापेक्षा पुष्कळ जड निघाली. त्यांनी किल्ली उलटी फिरवली.

“मले दिसत नाही,” ते म्हणाले. “खेमसिंगले फोन लाव. मले त्याचं नावबी दिसत नाही.”

रामीबाईंनी लावून दिला. धनसिंगनी घसा साफ केला. “खेमसिंग, उद्याची गाडी दुसरी पाह्य. माहे डोळे गेले.”

पलीकडून खेमसिंग चाचरत म्हणाला, “दादा, राग नका मानू. मी परवाच हिरासिंगच्या शामले गाडी आनाले सांगून ठेवलं. तुमाले सांगाची हिंमत नव्हती होत. तांड्यात सगळ्याईले मालूम हाय.”

धनसिंगना ते फार लागलं. सहा महिने घशात धरून ठेवलेली गोष्ट सगळ्या तांड्यानं कधीच गिळून पचवली होती. डोळ्यांत पाणी आलं, तेवढ्यापुरता रस्ता आणखीच पुसट झाला. त्यांनी बाहीनं मिशी पुसली, बाही काळी झाली.

“शाम?” ते फोनवर ओरडले. “ते पोट्टं लई बेफाम हाकते! त्याले म्हन, पोटुशी बाई नेऊन राह्यला, कापूस नाही. अन् मले संग घे. मी मांगं बसतो, ममतापाशी.”